सोनसावरीची सहा वर्षं

सोनसावर फुलते तेव्हा तिच्या अंगावर एकही पान नसतं. राखाडी, वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यांच्या टोकांना तळहाताएवढी पिवळीधमक फुलं. आधी कधी न पाहिलेल्या माणसाला वाटावं, कुणीतरी ती बाजारातून आणून खोचून ठेवली आहेत. शिमगा जवळ येतो, रानातली ज्वारी काढून होते, दुपारी नळ सोडला की आधी घोटभर गरम पाणी येतं, त्या दिवसांत हे झाड फुलतं. बाकी सगळे सावली शोधत असताना.

यंदाचा शिमगाही आला. समोरच्या मैदानात पोरांनी होळी रचली, दुसऱ्या दिवशी राख वाऱ्यावर उडून आमच्या खिडकीत आली. मी ती पुसली नाही. गेल्या भाद्रपदात सर गेले, तेव्हापासून घरातली बरीच कामं मी अशीच ठेवून देते.

सर म्हणजे माझे यजमान. आम्ही दोघं धाराशिवच्या एकाच शाळेत होतो, ते भूगोल शिकवायचे आणि मी ग्रंथालय सांभाळायची. लग्नाआधी मी त्यांना सर म्हणत होते आणि ते मला बाई. लग्नानंतरही तेच राहिलं. घरात ते मला अहो-जाहो करत, त्यामुळं नव्या पाहुण्यांना वाटे की यांचं सकाळीच काहीतरी वाजलंय.

फुलं बघायला डोंगरात जायचं तर पावसाळा सरता सरता, असं सगळे म्हणतात. आमच्या बालाघाटाचं तसं नाही. उन्हाळ्यात तो रस्त्यावरून पाहिला तर नुसता भाजलेला दिसतो, दगड आणि पिवळं गवत. पायी चढलं की मग एकेक गोष्ट समोर येते. संपत आलेला पळस, धायटीच्या बारीक लाल नळ्या, दगडाच्या फटीतून निघालेला रानकांद्याचा उघडा दांडा. चैत्र सरताना बहावा आणि वैशाखात पांढरा कुडा. आम्ही उन्हाळ्यात तीन-चार वेळा तरी जायचो, पण पहिली फेरी सोनसावरीची.

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायचं आणि येरमाळ्याच्या अलीकडं एका फाट्यावर उतरायचं. एकदा कंडक्टरनं विचारलं की वर कुठला देव आहे? येडाई तर पुढं, येरमाळ्यात. सर म्हणाले, "सात आहेत." तेव्हापासून तो आम्हाला पाहिलं की म्हणायचा, "उतरा, सात देववाले."

झाडं खरंच सात होती. सगळी एकाच उतारावर, एकाखाली एक. आम्ही शाळेतली माणसं, म्हणून त्यांना तासांची नावं दिली. पायवाटेला लागून असलेलं पहिला तास. तिसरा तास बुटका आणि सदा बहरलेला. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये एक सपाट खडक होता, ती मधली सुट्टी. तिथं बसून आम्ही दशम्या आणि काकडी खायचो. सातवा तास अगदी कड्याजवळ, आणि तिथं पोचेपर्यंत आमची अवस्था शाळेतल्या सातव्या तासाच्या पोरांसारखीच व्हायची. झाडाला टेकून बसायचं आणि काही बोलायचं नाही. गळालेली फुलं आजूबाजूला पडलेली असायची, मातीत पडूनही पिवळीच. त्यांना हात लावायचा नाही, असं आमचं ठरलेलं होतं. मधमाश्या लावतील तेवढा पुरे.

खाली उतरलं की फाट्यावर हमीदभाईंचं पंक्चरचं दुकान. एक बाकडं, एक माठ, टायरांची चळत. पाणी देता देता ते दरवर्षी तेच विचारायचे. "सर, डोंगरात लोक लाकडाला जातेत, मधाला जातेत. तुमी नुस्तं बघून येता. बघून पोट भरतंय व्हय?" सर म्हणायचे, "भरतंय म्हणून तर बाईंच्या पिशवीत दशम्या उरल्यात." मग त्या उरलेल्या दशम्या हमीदभाई घ्यायचे. मला वाटतं, तो प्रश्न त्याचसाठी असायचा.

संध्याकाळी घरी आल्यावर दोन कामं असत. एक म्हणजे मोज्यांतली कुसळं काढणं. त्या उतारावरचं गवत फार वाईट. मोज्यात रुतलेलं कुसळ सुईनं काढावं लागे. आणि दुसरं काम वहीचं. जाड पुठ्ठ्याच्या वहीत मी त्या दिवसाची नोंद करायची. तारीख, कुठला तास किती फुलला, कळ्या किती, पक्षी कुठले. अक्षर माझं आणि नियम सरांचा. आपण डोळ्यांनी पाहिलं ते शाईनं, दुसऱ्यानं सांगितलं ते पेन्सिलीनं. हमीदभाईंनी सांगितलं की त्यांच्या बेंबळी गावच्या मेहुण्याच्या बांधावरचा पळस यंदा लवकर फुलला, की ते पेन्सिलीनं. वर्गातही ते हेच शिकवायचे. नकाशा काढताना जे पाहिलं नाही ते तुटक रेषेनं काढा, म्हणायचे.

अशी अठरा वर्षं शाईनं भरली.

मग माझा गुडघा गेला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी डोंगर बंद केला. त्या उन्हाळ्यात सर पहिल्यांदा एकटे गेले. मी पलंगावर उशीला टेकून वही मांडीवर घेऊन बसले होते. ते दुपारी उशिरा आले. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेले आणि माझ्याकडं पाठ करून बराच वेळ पाणी प्यायले. मी तिथूनच विचारलं, "किती?"

ते तांब्या ठेवून म्हणाले, "सातही."

मी पेन उघडलं. ते दाराशी उभे होते. म्हणाले, "बाई, पेन्सिल घ्या. तुम्ही पाहिलेलं नाही." मला हसू आलं. सगळं आयुष्य एका माणसाबरोबर काढायचं आणि त्याच्या डोळ्यांना दुसऱ्याचे डोळे म्हणायचं? मी म्हणाले, "तुमचे ते माझेच," आणि शाईनं लिहिलं.

पुढची पाच वर्षं असंच चाललं. ते जात, येत, खुर्चीवर बसून खालून वर क्रमानं सांगत. पहिला तास बरा. दुसऱ्यावर कळ्याच जास्त. बुटका तिसरा नेहमीसारखा. दरवर्षी ते एकदा तरी म्हणत, पेन्सिल घ्या. आणि मी दरवर्षी त्याला आमच्यातली गंमत समजून शाईनं लिहीत राहिले. एका वर्षी त्यांनी सांगितलं, पाचव्या तासाची मोठी फांदी वाऱ्यानं मोडली. मला फार वाईट वाटलं. त्या पावसाळ्यात जेव्हा जेव्हा वारं सुटलं, मी त्या झाडाचा विचार केला. पुढच्या वर्षी पहिला प्रश्न तोच विचारला. ते म्हणाले, मोडल्या जागेखाली धुमारा आलाय. त्या दिवशी मी शिरा केला होता.

एका वर्षी सगळीच झाडं कमी फुलली, असं ते म्हणाले. मागचा पाऊस आठवून मी त्यावर पान-दीड पान लिहिलं. झाड मागचं दुःख पुढच्या ऋतूत कसं बोलून दाखवतं, असं काहीबाही. वाचनालयाच्या बैठकीत ते वाचलं. लोकांना आवडलं. सर मागच्या रांगेत बसले होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मधे पेपरात डोंगरावरच्या पवनचक्क्यांचे फोटो यायला लागले. मी विचारलं की आपल्या उताराजवळ तर नाहीत ना. ते म्हणाले, त्या पलीकडच्या धारेवर. माझी माणसं सगळी मुरूम-उमरग्याकडची, माझं जाणंयेणं त्या बाजूचं. येरमाळ्याच्या रस्त्याला जायचं मला कारण पडलं नाही. मी मान हलवली आणि पान उलटलं.

भाद्रपदात छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत ते गेले. भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच गोष्ट सांगितली, की सरांनी कधी खोटं सांगितलं नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी तर रडता रडता म्हणाला, मी नकाशात नसलेली नदी काढली म्हणून सरांनी मला मारलं होतं. सगळे हसले, मीही हसले. ते दिवस मला आता वेगळेच दिसतात.

आमच्या गल्लीतली ऋतुजा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. सरांच्या दहाव्याला तिनं ती वही पाहिली होती. शिमग्याच्या आधी आली आणि म्हणाली, काकू, एकाच जागेच्या इतक्या वर्षांच्या नोंदी कुणाकडं नसतात. माझ्या प्रबंधात घेऊ का? सरांचं नाव येईल. मला बरं वाटलं. माणूस गेल्यावर त्याचं नाव चांगल्या ठिकाणी छापून येणं, यापेक्षा मी दुसरं काय मागणार होते? मी हो म्हणाले. ती म्हणाली, मग यंदाची नोंद आपण दोघी मिळून करू. मी माझ्या मामांची जीप घेते, तुम्ही खाली बसा, मी वर जाऊन येते.

फाट्यावर वळलो तेव्हा ऋतुजानं विचारलं, "काकू, तुम्ही तर पायवाट म्हणाला होतात." समोर जीपच काय, दोन ट्रक शेजारी शेजारी जातील असा मुरमाचा रस्ता होता. मला वाटलं, आपण चुकलो. हमीदभाईंचं दुकान दिसलं तेव्हा कळलं की चुकलेलो नाही. रस्ता थेट वर जात होता. डोंगर बंद केलेल्या माणसाला आता पायी चढायची गरजच नव्हती. आम्ही जीपनं पाच मिनिटांत वर पोचलो.

उतार नव्हता. म्हणजे डोंगर होता, पण त्याची ती कुशी कापून सपाट केली होती, पवनचक्कीची लांब पाती वर न्यायला. कापलेल्या कडेचा मुरूम उन्हात तांबडा दिसत होता आणि त्यावर गवतसुद्धा धरलेलं नव्हतं. जिथं सातवा तास होता तिथं सिमेंटचा चौथरा आणि त्यावर तो प्रचंड पांढरा खांब. पात्यांची सावली माझ्या पायांवरून जात होती, परत येत होती. मी मधल्या सुट्टीचा खडक शोधला. तोही नव्हता. ऋतुजा वही हातात घेऊन उभी होती. तिनं ती न उघडताच पिशवीत ठेवली. शहाणी मुलगी आहे.

खाली आलो आणि मी हमीदभाईंच्या बाकड्यावर बसले. त्यांनी पाणी दिलं. सरांचं त्यांना कळलं होतं. थोडा वेळ त्यांच्याबद्दल बोलले. मग मी विचारलं की रस्ता कधी झाला.

"झाले की सहा साल." ते टायरकडं बघत म्हणाले. "तुमच्या पायाचं आपरेशन झालं, त्याच साली."

मी विचारलं, सर येत होते का.

"येत व्हते की. दर साली. पयल्या साली वर गेले, आन लगीच खाली आले. तवा इथंच बसले, तुमी बसलाव तिथंच. मागनं वर गेलेच न्हाईत. सकाळच्याला यायचे, वर बघत बसायचे, चार वाजता एस्टीत बसायचे." त्यांनी माठावर झाकण ठेवलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, म्या म्हणलं त्यान्ला. दोनदा म्हणलं. ताईला सांगून टाका, सर, काय कायमचं लपतंय व्हय. तर म्हणायचे, पुढल्या साली सांगतो, हमीद. औंदा तिचा पाय लई दुखतोय."

म्हणजे हमीदभाईंना माहीत होतं. कंडक्टरला माहीत असणार. मुरूम वाहणाऱ्या ड्रायव्हरांना, शेळ्या चारणाऱ्यांना, सगळ्या फाट्याला. जिनं अठरा वर्षं त्या झाडांची हजेरी घेतली, तिला एकटीला नव्हतं.

त्या दिवसापासून मी मागचं सगळं पुन्हा पुन्हा काढून बघते आहे. ही सवय ग्रंथालयातली. एक पुस्तक जागेवर नसलं की सगळं कपाट तपासायचं. पहिली आठवण मोज्यांची आली. पहिल्या वर्षी त्यांच्या मोज्यांत कुसळं होती, मी पलंगावर बसून ती सुईनं काढली होती. नंतरच्या पाच उन्हाळ्यांत मी त्यांचे मोजे धुतले आणि एकातही कुसळ नव्हतं. मला दिसलं नाही असं नाही. मला वाटलं, आता ते जपून चालायला लागलेत.

मग ती मोडलेली फांदी. मला सर्वांत जास्त राग तिचा येतो. झाडं आहेत एवढं सांगून थांबले असते तर मी कदाचित समजून घेतलं असतं. पण नसलेल्या झाडाची फांदी मोडायची, मला वर्षभर तिची काळजी लावायची, आणि मग तिला धुमारा फुटल्याचं सांगून माझ्या हातचा शिरा खायचा? त्या बाकड्यावर बसून त्यांनी ते जुळवलं असेल. समोर पवनचक्की फिरत असताना, यंदा बाईंना काय सांगायचं, याचा विचार करत. एखादा मुलगा न केलेल्या गृहपाठाचं कारण जुळवतो तसं. आणि मागच्या रांगेतल्या त्या टाळ्या.

पेन्सिल घ्या, असं ते दरवर्षी म्हणायचे, हे मला सगळ्यात शेवटी आठवलं.  कुणी म्हणेल, बघा, ते तुम्हाला सुचवत होते. असेल. पण मला तो त्यांचा प्रामाणिकपणा वाटत नाही. स्वतःपुरता नियम पाळून घ्यायचा आणि समोरची फसतेय ते बघत राहायचं, ही मला पळवाट वाटते. पेन्सिल म्हणण्याऐवजी 'गेली' म्हणायचं होतं. दोनच अक्षरं होती. माझ्या गुडघ्याची दया करायची होती तर मला रडू द्यायचं होतं. त्या सात झाडांसाठी आम्ही दोघं एकत्र रडलो असतो. ते त्यांनी एकट्यानं, परक्या बाकड्यावर बसून उरकलं. आता मी माझ्या वाटचं एकटी करते आहे, आणि त्यात त्यांचंही मिसळलं आहे. झाडांसाठी कुठलं आणि त्यांच्यासाठी कुठलं, हे मला वेगळं करता येत नाही.

सर्वांत वाईट म्हणजे आता बाकीचंही हलतं. एकाच शाळेत असूनही ते रीतीप्रमाणे मला माझ्या माहेरी, मुरूम गावी, पाहायला आले होते तेव्हा म्हणाले होते, तुमच्या घरातली पुस्तकं पाहून मी हो म्हणालो. खरं असेल ना? शेवटच्या रात्री दवाखान्यात म्हणाले, दुखत नाही. खरं असेल? विचारायला आता कुणी नाही.

परवा ऋतुजा लॅपटॉप घेऊन आली. तिनं अठरा वर्षं टाइप करून आणली होती. तारखा, कळ्या, पक्षी, सगळं नीट रकान्यांत. पुढची सहा वर्षं मोकळी होती. वही मधे ठेवून आम्ही दोघी बसलो. मी तिला चहा दिला. तिनं फार विचार करून आणलेलं वाक्य बोलावं तसं म्हटलं, "काकू, मी असं करते. ही सहा वर्षं गाळते. 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहिते. पुष्कळ ठिकाणी असतं तसं, कुणी काही विचारणार नाही. सरांच्या नावाला काही होणार नाही."

मी तिच्याकडं पाहिलं. चेहरा कळवळलेला होता. तिला माझं दुखू नये असंच वाटत होतं. सरांनाही असंच वाटलं असणार, त्या पहिल्या दुपारी, तांब्या ठेवता ठेवता. असं सुरू होतं तर. इतकं साधं, इतकं मायेनं. मी हो म्हणाले असते तर चहा संपायच्या आत सगळं मिटलं असतं, आणि फसवणाऱ्यांत माझीही भर पडली असती.

"नोंद आहे," मी म्हणाले. "झाडं नव्हती, असं लिही."

"पण काकू, नव्हती हे तरी कुणी पाहिलंय? हमीदभाईंच्या नुसत्या सांगण्यावरून मला निरीक्षण म्हणून घालता येणार नाही. तिथं पाहणाऱ्याचं नाव लागतं."

"सरांनी पाहिलंय," मी म्हणाले. "सहाही वर्षं. एकदा वर जाऊन, मग फाट्यावर बसून. त्यांचंच नाव लिही."

तिनं लॅपटॉप पुढं ओढला. मग तिनं पहिल्या मोकळ्या रकान्यात 'झाडं नव्हती' असं लिहिलं आणि पुढच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. मी चष्मा लावून तिच्या शेजारी सरकले आणि सहाही ओळी होईपर्यंत पडद्यावरून नजर काढली नाही.